एक कीड, चार नावे : शेतीज्ञानाच्या देवघेवीस संकल्पनांची मांडणी हवी

शेतीचे ज्ञान पूर्वापार बोलण्याबोलण्यातून पसरत आलेले आहे. बांधावर, पारावर आणि आठवड्याच्या बाजारात एका शेतकऱ्याचा अनुभव दुसऱ्याच्या कानी पडावा आणि त्याने तो आपल्या शेतात पडताळून पाहावा, हीच खेड्यातील शिक्षणाची रीत होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमाचा आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवेचा आरंभ झाला, तेव्हा याच रीतीस ग्रामकार्यकर्त्याची जोड मिळाली. आज हातोहाती मोबाईल आल्यामुळे पाराची जागा गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांनी आणि इंटरनेटवरील प्रश्नोत्तरांनी घेतली आहे. शेकडो शेतकरी एका गटात जमतात, छायाचित्रे टाकतात, प्रश्न विचारतात आणि एकमेकांना शिकवितात. ही मोठी आनंदाची गोष्ट होय.

तथापि पारावरील बोलणे आणि मोबाईलवरील बोलणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बांधावर बोलणाऱ्या दोघांच्या डोळ्यांपुढे एकच रोप असते. नाव चुकले तरी बोटाने दाखविता येते. मोबाईलवर मात्र शेकडो कोसांवरील माणसापर्यंत पोहोचतो तो बहुधा केवळ शब्द. सोबत छायाचित्र असले तरी ते नंतर शोधावयाचे ते शब्दाच्याच आधाराने. आणि शब्दाचा अर्थ तर प्रत्येक तालुक्यात निराळा! ज्ञानाची देवघेव येथेच अडते आणि कित्येकदा येथेच घातकही ठरते.

एक कीड, नावे अनेक

हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या शास्त्रीय नावाची कीड घ्यावी. हरभऱ्यावर ती आली म्हणजे तिला घाटेअळी म्हणतात. तुरीवर तीच शेंगा पोखरणारी अळी होते, कपाशीवर अमेरिकन अथवा हिरवी बोंडअळी होते आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी होते. पतंग एक, अंडी एक, अळी एक. नावे मात्र पिकागणिक चार.

समजा, कपाशीच्या एखाद्या गटात या किडीच्या कामगंध सापळ्यांविषयी उत्तम चर्चा झाली. सापळा किती उंचीवर बांधावा, आमिषाची वडी कधी बदलावी आणि पतंगांची नोंद कशी ठेवावी, हे सारे अनुभवी शेतकऱ्यांनी सांगितले. चार महिन्यांनी हरभऱ्याचा शेतकरी ‘घाटेअळी’ हा शब्द घालून माहिती शोधू लागला, तर ती चर्चा त्यास सापडणार नाही. कारण तिच्यात ‘घाटेअळी’ हा शब्दच आलेला नाही. ज्ञान आहे, ते शेजारच्याच कोठीत आहे, परंतु कोठीवरील पाटी निराळी असल्यामुळे उपाशी मनुष्य दारावरून परत जातो.

नाव एक, दुखणी अनेक

याच्या उलट प्रकार अधिक भयावह आहे. ‘केवडा’ हा शब्द पाहावा. बाजरीवरील केवडा हा बुरशीवर्गीय रोग होय आणि त्यावर बीजप्रक्रिया व प्रतिकारक वाण हे मुख्य उपाय आहेत. मूग, उडीद व सोयाबीन यांवर ज्यास केवडा म्हणतात तो विषाणूजन्य पिवळा मोझॅक असून त्याचा प्रसार पांढरी माशी करते. तेथे रोगट झाडे उपटून नष्ट करणे आणि पांढऱ्या माशीस आवर घालणे हाच मार्ग. बाजरीच्या शेतकऱ्याने प्रामाणिकपणे दिलेला सल्ला मुगाच्या शेतकऱ्याने उचलला, तर बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो, आणि त्याहून मौल्यवान असे आठ-दहा दिवस हातचे जातात. ‘खोडकिडा’ हे नाव भात, ऊस आणि ज्वारी या तिन्ही पिकांत चालते. परंतु तिन्ही पिकांतील मुख्य खोडकिडे वेगवेगळ्या जातींचे आहेत. ज्वारीत पोंगेमर दिसली म्हणून ती खोडकिड्याचीच असेल असेही नाही, कारण खोडमाशीमुळेही पोंगा मरतो.

कपाशीच्या बाबतीत तर या संदिग्धतेची किंमत फार मोठी ठरू शकते. ‘बोंडअळी’ या एका शब्दात अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी (शेंदरी) अशा तिन्ही अळ्या सामावतात. आपल्या देशात २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस मान्यता मिळाली आणि ‘आता बोंडअळी गेली’ असे सर्रास बोलले जाऊ लागले. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीच्या विषास दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे तिने अतोनात नुकसान केले. ‘बीटी कपाशीस बोंडअळी लागत नाही’ हे वाक्य कोणत्या अळीविषयी खरे आणि कोणत्या अळीविषयी खोटे, हे शब्दावरून कळण्याजोगे नव्हते. आजही अमेरिकन बोंडअळीच्या आमिषाने गुलाबी बोंडअळीचा पतंग सापळ्यात येत नाही. सापळा रिकामा दिसला म्हणून निश्चिंत राहिलेला शेतकरी आळशी नव्हे; त्यास अर्धवट नाव सांगितले गेलेले असते.

गट क्रमांकाचा दाखला

यावर संगणकशास्त्राने जो मार्ग काढला आहे, त्यास ऑन्टॉलॉजी असे म्हणतात. मराठीत त्यास ‘संकल्पनांची मांडणी’ म्हणता येईल. नाव जड असले तरी वस्तू खेड्यातील माणसास अपरिचित नाही. सातबाराचा उतारा ज्याने पाहिला आहे, त्यास ती सहज समजावी.

गावातील प्रत्येक शेतास बोलीतील नाव असते. कोणी त्यास आंब्याचा मळा म्हणतो, कोणी थोरल्या वाटणीचे वावर म्हणतो, तर शेजारी ओढ्याकडचा तुकडा म्हणतो. एकाच गावात ‘आंब्याचा मळा’ या नावाची दोन शेतेही असू शकतात. परंतु प्रत्येक तुकड्यास एक गट क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाविषयी वाद राहत नाही. उताऱ्यावर केवळ क्रमांक नसतो. शेत कोणाचे, क्षेत्र किती, त्यावर इतर हक्क कोणाचे आणि पीक कोणते, हे संबंधही नोंदविलेले असतात. शिवाय गट क्रमांक आले म्हणून ‘आंब्याचा मळा’ हे नाव कोणी सोडले नाही. घरात जुने नाव चालते, व्यवहारात क्रमांक चालतो.

संकल्पनांची मांडणी हेच काम ज्ञानाच्या क्षेत्रात करते. प्रत्येक कीड, रोग, पीक, पिकाचा भाग, वाढीची अवस्था, जमिनीचा प्रकार आणि औषध यांस एकेक क्रमांक दिला जातो. त्या क्रमांकाखाली निरनिराळ्या भागांतील व भाषांतील सर्व नावे लिहिली जातात. नंतर या संकल्पनांमधील नाती स्पष्ट शब्दांत नोंदविली जातात : ही अळी या पिकावर येते, ती झाडाचा हा भाग खाते, हा रोग अमुक विषाणूमुळे होतो, त्याचा प्रसार अमुक माशी करते, हे लक्षण या दोन कारणांनी दिसू शकते. अशी मांडणी संगणकापाशी असली म्हणजे ‘घाटेअळी’ विचारणाऱ्यास कपाशीच्या गटातील सापळ्यांची चर्चाही पुढे करता येते, आणि केवळ ‘केवडा’ लिहिणाऱ्यास ‘कोणत्या पिकावरील?’ असा उलट प्रश्नही विचारता येतो. जाणता कार्यकर्ता बांधावर हेच तर करतो!

शब्दकोश पुरेसा नाही

येथे कोणी म्हणेल की, समानार्थी शब्दांची एक यादी छापून वाटली म्हणजे झाले. हे बरोबर नाही. यादी नावे जोडते, नाती सांगत नाही. आणि शेतीत खरे महत्त्व नात्यांना आहे.

घाटेअळी व टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी एकच आहेत, एवढ्यावरून एकीचा सर्व सल्ला दुसरीस लावता येत नाही. कामगंध सापळे, पक्षिथांबे व या अळीवर चालणारा एचएएनपीव्ही हा विषाणू यांचा संबंध मुख्यतः किडीशी आहे, म्हणून तो सल्ला एका पिकावरून दुसऱ्या पिकावर नेता येतो. रासायनिक औषधाचे तसे नाही. औषधास मंजुरी पिकाप्रमाणे मिळते, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावयाचे हेही पिकाप्रमाणे ठरते. हरभऱ्याची काढणी एकदाच होते. टोमॅटो चार-पाच दिवसांनी तोडला जातो आणि तसाच कोणाच्या तरी घरी शिजतो. म्हणून सापळ्याचे नाते किडीशी जोडावे लागते, तर औषधाचे नाते कीड व पीक या दोहोंशी मिळून जोडावे लागते. हा भेद यादीत मावत नाही, मांडणीत मावतो. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना औषधाविषयीच्या प्रत्येक शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको.

आजवर झालेले कार्य

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच ‘ॲग्रोव्हॉक’ हा शेतीविषयक संकल्पनांचा बहुभाषी संग्रह आरंभिला. आज त्यात चाळीस हजारांहून अधिक संकल्पना असून प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक आहे. आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांनी पिकांच्या गुणधर्मांसाठी ‘क्रॉप ऑन्टॉलॉजी’ रचली आहे. त्यामुळे एका देशातील प्रयोगाची नोंद दुसऱ्या देशातील शास्त्रज्ञास बिनचूक वाचता येते.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. मुंबईच्या आयआयटीने २००३ मध्ये ‘ए-ॲक्वा’ हा प्रश्नोत्तरांचा उपक्रम सुरू केला. पाबळचा विज्ञान आश्रम व बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांना त्यात मराठीतून प्रश्न विचारता येत होते आणि तज्ज्ञ त्यांस उत्तरे देत होते. केंद्र शासनाची किसान कॉल सेंटर सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली. पुढे २००९ मध्ये कानपूरच्या आयआयटीने अन्य संस्थांच्या सहकार्याने ‘ॲग्रोपीडिया’ उभारला. त्यात एकेका पिकाचा संकल्पना-आराखडा आधी तयार करून माहिती त्या आराखड्यास जोडली जात असे. आणि तज्ज्ञांनी तपासलेली माहिती व लोकांच्या चर्चेतून आलेली माहिती यांचे कप्पे वेगळे ठेवण्यात आले होते. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. अनुभव टाकून द्यावयाचा नाही, पण त्यास शिफारशीच्या पंक्तीत न तपासता बसवावयाचेही नाही.

या सर्व प्रयत्नांतून एक बोध निघतो. आराखडा तज्ज्ञांनी कितीही काळजीपूर्वक रचला, तरी शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द त्यात नसेल तर शेतकऱ्याचा प्रश्न त्यापर्यंत पोहोचत नाही. वरची बाजू विद्यापीठात तयार होऊ शकते. खालची बाजू गावातच तयार व्हावी लागते.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक वस्तूस एकच प्रमाण नाव ठरवून तेच सर्वांनी वापरावे, म्हणजे गोंधळच नको. वजनमापांच्या बाबतीत १९५६ च्या कायद्याने असेच केले आणि ते योग्यच झाले. परंतु शब्द म्हणजे वजने नव्हेत. हुमणीस जेथे उन्नी म्हणतात, तेथे उन्नी हाच शब्द आजोबांकडून नातवाकडे आला आहे, आणि त्याबरोबर वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर व बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांची आठवणही आली आहे. शब्द पुसला तर त्यास चिकटलेले ज्ञानही पुसले जाते. मांडणीचा मोठा गुण हाच की, ती कोणासही आपला शब्द सोडावयास सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता मराठी समजू लागली आहेत. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण मंजूर केले आहे. मग ही मांडणीची खटपट कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अशी यंत्रे पुष्कळ मजकूर वाचून अर्थाचा अंदाज करतात. जेथे विपुल लिखाण आहे तेथे तो अंदाज चांगला असतो. मात्र एखाद्या तालुक्यातील बोलीशब्द कोठेच लिहिला गेला नसेल, तर यंत्र तो कोठून शिकणार? ते गप्प बसत नाही, जवळचे काही तरी सांगून मोकळे होते. आणि फवारणीत ‘जवळचे काही तरी’ चालत नाही. उलट तपासलेली मांडणी हाताशी असेल, तर त्याच यंत्राच्या उत्तरास आधार मिळतो व चूक कोठे झाली हेही दाखविता येते. म्हणजे यंत्र आल्यामुळे या कामाची निकड कमी झालेली नाही, ती वाढली आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. गावपातळीवरील कार्यकर्त्यामागे पंचनामे, अर्ज व अहवाल यांचा ससेमिरा असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून त्याजवर आणखी एक तक्ता लादणे इष्ट नव्हे. परंतु जे काम तो रोज करतोच, त्यात थोडी शिस्त आणणे शक्य आहे.

गावात काय करता येईल

गटात प्रश्न टाकताना पाच गोष्टी लिहिण्याची सवय लावावी : पीक व वाण, पेरणीपासूनचे दिवस, झाडाच्या कोणत्या भागावर काय दिसते, गाव व तालुका, आणि गावात त्यास काय म्हणतात. ‘कपाशीवर बोंडअळी, औषध सांगा’ या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देताच येत नाही. ‘कपाशी, शंभर दिवस, फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले, आत लहान अळी’ असे लिहिले की जाणकारास गुलाबी बोंडअळीची डोमकळी ओळखता येते. छायाचित्र पानाच्या दोन्ही बाजूंचे असावे.

कार्यकर्त्याने एक साधी वही ठेवावी. नवा शब्द कानी आला की तो जसाच्या तसा लिहावा, कोणत्या गावात व कोणत्या पिकासंबंधी ऐकला ते लिहावे, आणि नमुना प्रत्यक्ष पाहूनच त्यापुढे शास्त्रीय अथवा रूढ नाव मांडावे. खात्री नसेल तर ती जागा कोरी सोडावी. कोरी जागा चुकीच्या नोंदीपेक्षा केव्हाही चांगली. या कामी वृद्ध शेतकरी आणि निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रिया यांना आवर्जून विचारावे. तणांची आणि किडींची नावे त्यांना जेवढी ठाऊक असतात, तेवढी इतर कोणास क्वचितच असतात.

या वह्या तालुक्यात एकत्र व्हाव्यात आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आपापल्या विभागातील शब्द तपासून संकल्पनांस जोडावेत. तयार झालेली मांडणी कोणा एका कंपनीच्या वा खात्याच्या कुलपात राहू नये; ती सर्वांस खुली असावी. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि तपासणाऱ्याचे पद असावे, कारण औषधांच्या शिफारशी बदलतात, काहींवर बंदी येते, आणि जुना सल्ला नव्या हंगामात पुन्हा पुन्हा पुढे पाठविला जातो. चूक आढळल्यास शेतकऱ्याने ती कोठे कळवावी हेही ठरलेले असावे. ज्या नोंदवहीत दुरुस्तीची सोय नाही, तिजवर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे सातबाऱ्यानेच सर्वांस शिकविले आहे.

समारोप

एका शेतकऱ्याने स्वतःचे नुकसान सोसून जो धडा घेतला, तो दुसऱ्यास फुकट मिळावा, हे शेतकऱ्यांनी एकत्र शिकण्याचे सार होय. मोबाईलने हा धडा दूरवर नेण्याची सोय केली. पण तो योग्य घरी पोहोचेल याची हमी मोबाईल देऊ शकत नाही. त्यासाठी पत्ता नीट लिहावा लागतो. संकल्पनांची मांडणी म्हणजे ज्ञानाचा हा पत्ता होय. तो लिहिण्याचे काम मोठ्या यंत्रांनी पुरे होणार नाही. ज्या कार्यकर्त्यास आपल्या गावात घाटेअळीस काय म्हणतात हे ठाऊक आहे, आणि जो ते वहीत नीट उतरवून ठेवील, त्याच्यापासूनच या कामाचा आरंभ व्हावयाचा आहे. येत्या हंगामातील पहिल्या शिवारफेरीत वही बरोबर असली, तर तो आरंभ झालाच असे समजावे.